धावता धावता पोटरीत गोळा येतो तेव्हा

दिल्लीची हाफ मॅरेथॉन पाहायला रस्त्याच्या कडेला उभे राहिले, तर पहिल्या दहा किलोमीटरपर्यंत विशेष काही घडताना दिसत नाही. हसरे चेहरे, छातीवर लावलेले क्रमांक, एकमेकांना हात करीत जाणारी टोळकी. खरा प्रसंग सुरू होतो तो पंधराव्या-सोळाव्या किलोमीटरनंतर. आतापर्यंत लयीत पळणारा एखादा चाळिशीतला गृहस्थ एकाएकी लंगडतो, दोन पावले एका पायावर उड्या मारतो आणि दुभाजकाचा कठडा धरून उभा राहतो. त्याची पोटरी दगडासारखी घट्ट झालेली असते. कातडीखाली लिंबाएवढा गोळा थरथरताना बाजूच्यालाही दिसतो. वेदना अशी, की भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी यावे.

मागून येणारे लोक दयाळू असतात. ते सल्ला देतात आणि पुढे जातात. "मीठ चाटा." "केळं खाल्लं नव्हतं का?" "पाणी कमी पडलं, पाणी प्या." "जोरात चोळा, सुटेल." "काही नाही होत, पळत राहा."

पाच जणांचे पाच सल्ले. गंमत अशी, की ऐन गोळा आलेला असताना जो एकच उपाय हमखास उपयोगी पडतो, तो या पाचांत नाही. आणि दोन सल्ले तर प्रसंगी अंगाशी येणारे आहेत.

हा प्रश्न काही फक्त शर्यतीत उतरणाऱ्यांचा नाही. गेल्या वीस वर्षांत दिल्ली, नोएडा, गुडगाव, फरीदाबाद, गाझियाबाद या पट्ट्यात पहाटे पळणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. २००५ मध्ये दिल्लीत पहिली हाफ मॅरेथॉन झाली, त्यानंतर तर लोदी गार्डन, चाणक्यपुरीचे नेहरू पार्क, इंडिया गेटचा परिसर, गुडगावची लेझर व्हॅली इथे उजाडण्यापूर्वीच माणसे दिसू लागली. त्यांत मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवून आलेल्या गृहिणी आहेत, मधुमेहाच्या भीतीने पळायला लागलेले अधिकारी आहेत, निवृत्त माणसे आहेत. यांच्यापैकी बहुतेकांनी शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदा पळण्याचे बूट विकत घेतले ते पस्तिशी-चाळिशीत. पोटरीतला गोळा हा त्यांचा ठरलेला पाहुणा.

दिल्लीतला पावसाळा आणि ऑक्टोबरची शर्यत

या पाहुण्याच्या येण्याला दिल्लीचे हवामानही थोडेफार कारणीभूत आहे. पूर्वी इथली हाफ मॅरेथॉन प्रामुख्याने नोव्हेंबरात होत असे. पण नोव्हेंबर म्हणजे दिल्लीच्या धुराचे दिवस. २०१७ मध्ये हवा इतकी बिघडली, की इंडियन मेडिकल असोसिएशनने शर्यत पुढे ढकलण्याची मागणी केली. शर्यत त्या वर्षी झाली, पण पुढच्या वर्षापासून तारीख ऑक्टोबरात आली. २०२० मध्ये करोनामुळे ती पुन्हा नोव्हेंबरच्या अखेरीस गेली, तेवढाच अपवाद.

फुप्फुसांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पायांच्या दृष्टीने मात्र हिशेब बदलला. शर्यत ऑक्टोबरात म्हणजे लांब पल्ल्याचा सराव ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या दिवसांत दिल्लीत पहाटेही हवा दमट असते. इथले लोक तिला 'उमस' म्हणतात. मुंबईच्या माणसाला ही हवा ओळखीची वाटेल, पुण्या-नाशिकहून बदली होऊन आलेल्याला मात्र ती नकोशी होते. घाम येतो पण वाळत नाही, शरीर थंड होत नाही, नाडी भरभर चालते आणि नेहमीच्याच वेगाने पळतानाही स्नायू लवकर थकतात. अशा सकाळी बाराव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला, की माणूस ओल्या बनियनकडे पाहतो आणि साहजिकच म्हणतो, घामातून सगळे मीठ गेले, म्हणून हे झाले.

मिठावरचा हा विश्वास आजचा नाही.

खाणीतून आलेली समजूत

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या कोळशाच्या खोल, गरम खाणींत काम करणाऱ्या मजुरांना भयंकर पेटके येत. १९२३ मध्ये के. नेव्हिल मॉस यांनी या मजुरांचा अभ्यास करून लिहिले, की हे लोक घाम भरपूर गाळतात, वर नुसते पाणी भरपूर पितात, त्यामुळे शरीरातील मीठ पातळ होते. पाण्यात थोडे मीठ घालून दिल्यावर त्यांना आराम पडला. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत हूवर धरण बांधले जात होते तेव्हा वाळवंटातील मजुरांनाही तोच त्रास झाला आणि तिथेही मिठाचाच उपयोग झाला. खाणीतला मजूर, धरणावरचा मजूर, मग खेळाडू, असा हा निष्कर्ष पुढे सरकत गेला. कालांतराने तो इतका पक्का झाला, की त्यावर कोणी शंकाच घेईना.

मजुरांच्या बाबतीत तो खोटा नव्हता. आठ-आठ तास भट्टीसारख्या उष्णतेत राबणाऱ्याच्या शरीरातून खरोखरच मीठ कमी होते. त्याचे पेटके सगळ्या अंगभर फिरतात, हात, पोट, मांड्या, काहीही सुटत नाही. पण लोदी गार्डनमध्ये सव्वा तास पळणाऱ्या माणसाचे तसे असते का?

इथेच एक साधा प्रश्न उभा राहतो. रक्त सगळ्या शरीरातून फिरते. त्यातले मीठ कमी झाले असेल, तर गोळा पोटरीतच का यावा? तोही बऱ्याचदा एकाच पायाच्या? मानेत, खांद्यात, दंडात का नाही? आणि पाय नुसता ताणून धरल्यावर तो मिनिटाभरात का सुटावा? ताणल्याने काही रक्तात मीठ वाढत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनचे डॉ. मार्टिन श्वेलनस यांनी हा प्रश्न लावून धरला. १९९७ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह त्यांनी वेगळा विचार मांडला, की पळताना येणारा गोळा हा मिठाचा नसून मुळात थकव्याचा आहे. मग त्यांनी ५६ किलोमीटरच्या टू ओशन्स शर्यतीतील धावपटूंचे आणि पुढे आयर्नमॅन शर्यतीतील दोनशेहून अधिक स्पर्धकांचे रक्त तपासले. ज्यांना गोळे आले आणि ज्यांना आले नाहीत, त्यांच्या शरीरातील पाण्यात किंवा क्षारांत गोळ्यांचे कारण ठरावे असा फरक सापडला नाही. फरक दिसला तो दोन गोष्टींत. गोळे आलेले लोक शर्यतीत अधिक वेगाने गेले होते आणि त्यांना पूर्वीही असे गोळे येऊन गेले होते.

हा वाद आजही पुरता मिटलेला नाही. ज्यांच्या कपड्यांवर घाम वाळल्यावर पांढरे ओघळ उमटतात, अशा काही लोकांच्या बाबतीत मिठाचा वाटा असावा, असे मानणारे तज्ज्ञ आहेत. पण रविवारी पळणाऱ्या सर्वसाधारण माणसाच्या पोटरीचा पहिला संशयित आता मीठ राहिलेले नाही.

पोटरीच्या आत काय होते?

आपल्या स्नायूंत दोन प्रकारचे पहारेकरी असतात. एक स्नायूच्या आत बसलेला, मसल स्पिंडल. स्नायू ताणला गेला, की तो मज्जारज्जूकडे 'आवळ, आवळ' असा निरोप धाडतो. दुसरा स्नायू जिथे शिरेला मिळतो तिथे. कॅमिलो गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञाने तो शोधला म्हणून त्याला गॉल्जीचेच नाव आहे. शिरेवर जास्त ओढ बसली, की तो उलट निरोप धाडतो, 'सोड, सोड'. या दोघांच्या ओढाताणीत आपले चालणे-पळणे सुरळीत चालते.

स्नायू फार थकला, की पहिला पहारेकरी ओरडू लागतो आणि दुसरा डुलक्या घेतो. 'आवळ' चे निरोप वाढतात, 'सोड' चे थांबतात. त्यातून स्नायू आधीच आखडलेल्या स्थितीत असेल, तर शिरेवर ओढच नसते आणि दुसऱ्या पहारेकऱ्याला जाग यायला कारणच उरत नाही. पळताना चवड्यावर जोर देऊन पाय उचलतो त्या क्षणी पोटरी नेमकी अशाच स्थितीत असते. म्हणून गोळा तिथे येतो.

पोटरीवर पडणारा भारही थोडाथोडका नाही. तिच्यात दोन मुख्य स्नायू आहेत. वरचा, बाहेरून फुगीर दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून निघून टाचेपर्यंत जातो आणि त्याच्या खाली दडलेला चपटा सोलियस गुडघ्याच्या खालून निघतो. पळताना एका सोलियसवर प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट जोर येतो, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. सत्तर किलोच्या माणसाने हा गुणाकार एकदा करून पाहावा, म्हणजे पोटरीवर रागावण्यापूर्वी तो थोडा थांबेल.

त्या दोन मिनिटांत काय करावे?

पहिले म्हणजे पळणे थांबवावे. आखडलेल्या स्नायूवर तसेच पळत राहिल्यास त्याचे तंतू तुटण्याचा धोका असतो, मग दोन मिनिटांचे दुखणे सहा आठवड्यांचे होते. मात्र गर्दीत जागच्या जागी थबकू नये. हात वर करून रस्त्याच्या कडेला यावे.

झाड, विजेचा खांब, दुभाजकाचा कठडा, जे सापडेल त्याला दोन्ही हात टेकावेत. दुखरा पाय मागे न्यावा. गुडघा सरळ, टाच जमिनीला पूर्ण टेकलेली, बोटे समोर. आता कंबर हळूहळू पुढे न्यावी. पोटरीत ओढ जाणवेल तिथे थांबून वीस ते तीस सेकंद धरून ठेवावे. हिसके देऊ नयेत. शिरेवर सावकाश पडलेल्या या ओढीनेच तो झोपलेला पहारेकरी जागा होतो आणि स्नायू सैल पडू लागतो. दोन-तीन वेळा हे केले, की गोळा बहुधा विरतो. गुडघा किंचित वाकवून तसेच केल्यास खालच्या सोलियसलाही ताण मिळतो.

उभे राहवत नसेल तर खाली बसावे, पाय लांब करावा आणि बोटे नडगीच्या दिशेने ओढावीत. हात पोहोचत नसेल तर ओढणी, रुमाल किंवा बनियन चवड्याभोवती अडकवून ओढावे. सोबतचा माणूस मदत करीत असेल तर त्याने टाच तळहातात धरून पाऊल हळू वर दाबावे. "दुखतंय का?" असे विचारत दाबावे, कुस्तीच्या थाटात नव्हे.

चोळण्याबद्दल एक शब्द. आपल्याकडे गोळा आला की बुक्क्यांनी कुटण्याची पद्धत आहे. घट्ट आवळलेल्या स्नायूला असे कुटल्याने तो अधिकच चिडतो. ताणून गोळा सुटल्यावर हलक्या हाताने, टाचेकडून गुडघ्याकडे कुरवाळल्यासारखे चोळले तर बरे वाटते. थंडगार फवाऱ्याने तेवढी जागा बधिर होते, गोळा सुटत नाही. बधिर झालेल्या पायाने पुन्हा जोरात पळायला लागणे तर सरळ नुकसानीचे.

गोळा सुटला की लगेच पळू नये. दोन-तीन मिनिटे चालावे, शक्य असल्यास काही पावले टाचांवर. मग आधीपेक्षा सावकाश, छोटी पावले टाकीत निघावे. त्याच पोटरीत पुन्हा गोळा आला तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आला तर त्या दिवसापुरती शर्यत संपली असे समजून वैद्यकीय केंद्र गाठावे. हा निर्णय अवघड असतो, हे खरे. चार महिने साडेचारचा गजर लावून उठलेल्या माणसाला अंतिम रेषा तीन किलोमीटरवर दिसत असताना सोडून द्या म्हणणे सोपे नाही. पण फाटलेला स्नायू घेऊन तीन किलोमीटर रेटले, तर पुढच्या वर्षीच्या सरावावरही पाणी सोडावे लागते.

लोणच्याचा खार, काळ्या गाजराची कांजी आणि केळे

अमेरिकेतील खेळाडू गोळा आल्यावर खारवलेल्या काकडीचे आंबट पाणी पितात. केविन मिलर या संशोधकाने २०१० मध्ये त्याची परीक्षा घेतली. तरुणांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेच्या झटक्याने मुद्दाम गोळा आणून त्यांना हे पाणी पाजले. साधे पाणी पिणाऱ्यांपेक्षा त्यांचा गोळा लवकर, सुमारे दीड मिनिटात सुटला. एवढ्या वेळात ते पाणी धड आतड्यातून रक्तातही गेलेले नसते. म्हणजे हा मिठाचा गुण नव्हे. घशाला बसलेल्या आंबट-तिखट झणक्याने मज्जारज्जूकडे वेगळा निरोप जातो आणि 'आवळ' चा ओरडा शांत होतो, असा तर्क आहे. रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले रॉडरिक मॅकिनन आणि त्यांचे मित्र ब्रूस बीन यांना समुद्रात होडी वल्हवताना असेच गोळे आले होते. त्यांनी याच तर्कावर आले, दालचिनी आणि मिरचीचे पेय तयार केले.

हे वाचून कोणत्याही मराठी गृहिणीला बरणीच्या तळाशी उरलेला लिंबाच्या लोणच्याचा खार आठवेल. दिल्लीकरांना थंडीतली काळ्या गाजराची, मोहरी घालून आंबवलेली कांजी. या दोहोंची अशी परीक्षा झाल्याचे ऐकिवात नाही, त्यामुळे दावा काहीच करता येत नाही. चमचाभर खार चाखून पाहायला हरकत नाही, इतकेच. रक्तदाब असणाऱ्यांनी तोही नको.

केळ्याची कीर्ती मात्र त्याच्या कर्तृत्वापेक्षा मोठी आहे. एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, घामातून जाणारे मुख्य क्षार मात्र सोडियमचे. मिलर यांनी व्यायामानंतर केळी खायला घालूनही रक्त तपासले. पोटॅशियम वाढले ते अगदी किंचित आणि तेही बऱ्याच वेळाने. केळे पोटाला हलके, हातात धरायला सोयीचे आणि भूक भागवणारे फळ आहे. त्याने तेवढेच करावे.

मॅग्नेशियमच्या गोळ्यांचेही असेच. उतारवयात रात्री येणाऱ्या गोळ्यांवर त्यांचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही, असे उपलब्ध अभ्यास एकत्र पडताळल्यावर दिसून आले आहे आणि पळताना येणाऱ्या गोळ्यांसाठी तर भरवशाचा पुरावाच नाही. हिवतापावरील क्विनाइन मात्र मुळीच घेऊ नये. एके काळी पायाच्या गोळ्यांवर ते सर्रास दिले जाई, पण रक्तातील बिंबिका घटण्यासारखे आणि हृदयाच्या ठोक्यांवरील गंभीर दुष्परिणाम पाहून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ पासून त्याविरुद्ध वारंवार इशारे दिले.

पाणी प्या, पण किती?

"पाणी कमी पडलं" हा सल्ला सर्वांत निरुपद्रवी वाटतो, पण त्यात एक फसवी वाट आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त शेवटी तपासले, तर त्यांच्यापैकी १३ टक्के लोकांच्या रक्तातील सोडियम धोकादायक वाटावे इतके उतरलेले आढळले. त्यांनी पाणी कमी नव्हे, फार प्यायले होते. शर्यतीत त्यांचे वजन कमी होण्याऐवजी वाढले होते. सावकाश, चार तासांहून अधिक वेळ पळणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण प्रत्येक टेबलापाशी थांबून पेला रिकामा करायला त्यांना सवड असते. मळमळ, डोके जड होणे, बोटांतली अंगठी घट्ट होणे, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. अशा माणसाला आणखी पाणी पाजणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे.

तहान लागेल तसे घोट घोट प्यावे, एवढा नियम तास-दीड तासाच्या पळण्याला पुरतो. ऑगस्टच्या दमट सकाळी त्याहून लांब पळायचे असेल तर बाटलीत लिंबू, चिमूटभर मीठ आणि थोडी साखर असलेली शिकंजी किंवा कोकम सरबत न्यावे. ते गोळ्यावरचे औषध म्हणून नव्हे. शरीर लवकर थकू नये म्हणून.

पायांची पूर्वतयारी

गोळा थकव्याचा असेल तर खरा उपाय शर्यतीच्या दिवशी हाती लागत नाही. तो तीन महिने आधी, घराच्या जिन्यात सुरू होतो.

जिन्याच्या पायरीवर फक्त चवडे टेकवून उभे राहावे, कठड्याला हात लावावा. दोन मोजत टाचा वर, तीन-चार मोजत सावकाश पायरीच्या खालपर्यंत. सुरुवातीला दोन्ही पायांवर दहा-बारा वेळा, असे दोन फेर. दोन आठवड्यांनी एकेका पायावर. काही दिवस गुडघा सरळ ठेवून, काही दिवस किंचित वाकवून, म्हणजे वरचा आणि खालचा दोन्ही स्नायू कामाला लागतात. निरोगी तरुण माणसाला एका पायावर सलग पंचवीस वेळा टाच उचलता यावी, असा फिजिओथेरपिस्टांचा सर्वसाधारण मापदंड आहे. पन्नाशीच्या माणसाने थोडे कमी धरावेत. तरीही रोज सकाळी आठ किलोमीटर पळणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात बाराव्या-तेराव्यालाच पोटरी जळू लागते, तेव्हा आपल्या गोळ्याचे मूळ त्यांना कळते. यासाठी जिमची वर्गणी लागत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभ्या उभ्याही हा व्यायाम होतो. आठवड्यातून तीन दिवस पुरे.

दुसरी गोष्ट वेगाची. श्वेलनस यांच्या निष्कर्षाचा अर्थ 'वेगाने पळू नका' असा नाही. ज्या वेगाचा सराव नाही त्या वेगाने पळू नका, असा आहे. अविनाश साबळे यांनी २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीच्या रस्त्यांवर हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. म्हणजे एकामागून एक एकवीस किलोमीटर, प्रत्येक सुमारे २ मिनिटे ५२ सेकंदांत. बीड जिल्ह्यातल्या मांडव्यासारख्या खेड्यातून शाळेसाठी रोज मैलोगणती चाललेल्या-धावलेल्या आणि पुढे सैन्यात घडलेल्या त्या पायांना तो वेग परका नव्हता. दिल्लीच्याच जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ८ ऑक्टोबर २०१० रोजी दहा हजार मीटरच्या पंचवीस फेऱ्या मारून राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांचेही तेच. त्या पदकामागे लहानपणापासूनची अनवाणी पायपीट होती. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी सात मिनिटांत किलोमीटर पळणारा माणूस शर्यतीच्या उत्साहात, ढोल-ताशाच्या आवाजात, पहिले पाच किलोमीटर सहा-सहा मिनिटांत काढतो. त्याची उधारी सोळाव्या किलोमीटरला पोटरी वसूल करते.

बूट हाही बऱ्याचदा लपलेला गुन्हेगार असतो. टाचेकडे उंच असलेल्या बुटांवरून एकदम सपाट तळव्याच्या बुटांवर आले, किंवा कोणाचे तरी पाहून टाचेऐवजी चवड्यावर पळायला लागले, की तेवढाच भार पोटरीवर कितीतरी जास्त पडतो. बदल करायचाच तर काही आठवडे घेऊन, थोडे थोडे अंतर वाढवीत करावा. नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. ज्या महिला सोमवार ते शनिवार उंच टाचांच्या चपला वापरतात, त्यांच्या पोटऱ्या आठवडाभर आखडलेल्याच असतात. रविवारी सपाट बुटांत त्यांनी रायसीना टेकडीचा चढ किंवा गुडगाव-फरीदाबाद रस्त्यावरचे अरवलीचे चढ-उतार गाठले, तर गोळ्याला आमंत्रणच.

प्रत्येक दुखणे गोळ्याचे नसते

हा भाग कुटुंबातील सर्वांनी वाचावा असा आहे, पळणाऱ्यांनीही आणि न पळणाऱ्यांनीही.

पळताना कोणीतरी मागून काठी मारल्यासारखी कळ आली, 'टक्' असा आवाज जाणवला, नंतर निळसर डाग उमटला, तर तो गोळा नव्हे. स्नायू किंवा टाचेमागची जाड शीर फाटलेली असू शकते. अशा वेळी वर सांगितलेले ताणणे उलट हानी करते. पाय स्थिर ठेवून, बर्फ लावून डॉक्टर गाठावा. दिल्लीत सफदरजंग रुग्णालयाच्या आवारात २०१० मध्ये सुरू झालेले सरकारी स्पोर्ट्स इंज्युरी सेंटर अशाच दुखापतींसाठी आहे.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखणे तासांनी किंवा दिवसांनीही हटत नाही, तर रक्तवाहिनीत गुठळी झाल्याची शंका घ्यावी. लांबचा विमानप्रवास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, बाळंतपणानंतरचे आठवडे, कुटुंबनियोजनाच्या गोळ्या ही त्यामागची नेहमीची कारणे. अमेरिकेतल्या मुलाकडून परत आलेल्या आईची पोटरी सुजली, तर 'विमानात पाय अवघडले' म्हणून तेल चोळत बसू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर धाप लागते, छातीत दुखते आणि मग घाई करूनही कधी कधी उशीर होतो.

ठरावीक अंतर चालले की पोटरी भरून येते, पाच मिनिटे उभे राहिले की बरे वाटते, पुन्हा तेवढेच अंतर गेले की पुन्हा तेच, असे होत असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असाव्यात. धूम्रपान करणाऱ्यांनी आणि मधुमेह्यांनी याकडे वयाचा दोष म्हणून पाहू नये. पायाच्या धमन्यांची जी स्थिती, तीच हृदयाच्या धमन्यांचीही असू शकते.

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या, लघवी जास्त होण्याची औषधे यांनीही स्नायूंत दुखणे आणि गोळे येतात. औषध मनाने बंद करू नये, पण डॉक्टरांना आपण पळतो हे सांगावे. कित्येक जण ते सांगतच नाहीत. फार कष्टाच्या पळण्यानंतर लघवी चहासारखी गडद झाली, तर स्नायूंची झीज मूत्रपिंडावर आल्याची ती खूण आहे, त्याच दिवशी रुग्णालयात जावे. आणि उन्हात पळता पळता माणूस असंबद्ध बोलू लागला, तर पोटरीकडे पाहूच नये. तो उष्माघात आहे. त्याला सावलीत आडवे करून अंगावर भरपूर थंड पाणी ओतावे आणि रुग्णवाहिका बोलवावी.

साध्या गोळ्यानंतर पोटरी एक-दोन दिवस ठणकते. त्या काळात चालणे चालू ठेवावे, हलके ताण द्यावेत. पुन्हा पळायचे केव्हा, याची परीक्षा घरच्या घरी होते. दुखऱ्या पायावर एकट्याने दहा उड्या माराव्यात. कळ न येता त्या मारता आल्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळी वीस मिनिटे, गप्पा मारता येतील इतक्या सावकाश पळून पाहावे. सातव्या-आठव्या उडीला कळ आली, तर आणखी दोन दिवस थांबावे आणि तोवर जिन्याची पायरी आहेच.